मधल्या बोटाची नखी

१

सोमवारी सकाळी साडेनऊला मी सात नंबरच्या कपाटातला तिसरा खण ओढला, वरचा मऊ कागद उचलला, आणि माझ्या वटवाघळाची एक नखी कोणीतरी नेलेली आहे हे मला पहिल्या नजरेत कळलं.

पहिल्या नजरेत, कारण गेली अकरा वर्षं मी या प्राण्याकडं जितकं पाहिलंय तितकं नवऱ्याकडंही पाहिलेलं नाही. नवऱ्याची तक्रार नाही. तो म्हणतो, बरंय, तेवढा वेळ मला चष्मा कुठं ठेवला ते कोणी विचारत नाही.

हे वटवाघूळ दोन तळहातांएवढ्या राखाडी दगडात आहे. आम्ही त्या दगडाला पाटी म्हणतो, कारण तो तसाच सपाट आणि पापुद्र्यांचा आहे. पाच कोटी वर्षांपूर्वी ते एका तळ्यात पडलं, तळाच्या गाळात रुतलं आणि वरून गाळ साठत गेला. उजवा पंख पसरलेला, डावा अंगाखाली चिरडलेला, मान किंचित वळलेली, जणू मागून कोणी हाक मारली होती. पंखातली हाडं शिवणाच्या दोऱ्याएवढी आहेत. वटवाघळाचा पंख म्हणजे हातच. बोटं लांबत गेली आणि त्यांच्यावर कातडं ताणलं गेलं. इतकी साधी युक्ती, आणि तिच्यावर एक अख्खा प्राणिवर्ग रात्रीचं आकाश घेऊन बसला.

आजच्या बहुतेक वटवाघळांना हाताची नखी फक्त अंगठ्याला असते. काहींना तर्जनीलाही असते. माझ्या वटवाघळाला मधल्या बोटालाही होती. म्हणजे हा प्राणी उडायला शिकला होता, पण खोडावर हातांनी चढणं अजून विसरला नव्हता. एवढ्या जुन्या वळणाचं वटवाघूळ कुठल्याच ठाऊक असलेल्या कुळात बसत नव्हतं, म्हणून मी त्याच्यासाठी नवं कुळ मांडलं होतं. पुढच्या दोन बोटांची टोकं पाटीच्या तुटक्या कडेबरोबर केव्हाच गेली आहेत. सगळी मदार त्या मधल्या बोटावर, म्हणजे तिळाएवढ्या एका नखीवर होती. आणि परवा, बुधवारी, ती पाहायला बाहेरून दोन तज्ज्ञ येणार होते.

आता तिथं स्वल्पविरामासारखा एक बारीक खळगा होता. आजूबाजूला एकही ओरखडा नव्हता.

संचालक धावत आले. त्यांनी पाटीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि दार लावून घेतलं.

"पोलिसांना कळवू?"

"काय सांगणार? नख चोरीला गेलं?"

"बाई, तुमचा तो विद्यार्थी शुक्रवारी इथं होता. तुमच्या कुळाविरुद्ध पंचवीस पानं लिहिणारा. त्याचंच काम आहे हे."

मलाही क्षणभर तसंच वाटलं होतं, म्हणूनच मला त्यांचं बोलणं आवडलं नाही.

"बुधवारपर्यंत कोणाला काही बोलू नका," मी म्हणाले. "मी माझ्या नणंदेला बोलावते."

"नणंदेला?"

"तिनं एकतीस वर्षं शवविच्छेदन केलंय. हे थोडं जुनं शव आहे, एवढंच."

२

माझी नणंद मला वहिनी म्हणते, मी तिला वन्सं म्हणते, आणि आम्ही दोघी एकमेकींना अगं-तुगं करतो. वय सारखं, उंची सारखी, आणि तिच्या भावाबद्दलची मतंही आता सारखीच. निवृत्त होऊन तिला वर्ष झालं होतं. फोनवर मी सगळं सांगेपर्यंत तिनं चप्पल घातलेली होती.

ती आली, हात धुतले, स्टूल ओढलं आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसली. वीस मिनिटं कडेपासून कडेपर्यंत सगळी पाटी पाहिली. मग म्हणाली, "किती देखणं आहे गं हे. एवढं तू मला कधी दाखवलं नव्हतंस."

"दरवर्षी बोलावते मी तुला."

"मला वाटायचं, दगड दाखवशील." ती पुन्हा वाकली. "ही बरगडी केसाएवढी आहे आणि तीसुद्धा मोकळी केलीय. कोणी केलं हे?"

"सुईकाकांनी."

सुईकाका आमच्या प्रयोगशाळेत दगडातून हाडं मोकळी करायचे. छिन्नी नाही, हातोडी नाही, एक सुई आणि एक श्वास. ही पाटी त्यांनी सव्वीस वर्षांपूर्वी हातात घेतली आणि आठ महिन्यांनी खाली ठेवली. त्यांना निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी रोज दहाला येतात, शनिवारीही येतात, आपल्या खुर्चीत बसतात आणि नव्या लोकांच्या चुका नुसत्या बघतात, बोलत नाहीत. त्यांनी केलेलं काम मी कधी परत तपासलं नाही. ते मी चारचौघांत अभिमानानं सांगायचे.

"बरं," वन्सं म्हणाली. "आता माझं ऐक. चोराला घाई नव्हती. नखी उचकटलेली नाही, सोडवलेली आहे. खळग्याच्या काठाला जरासं पिवळट काहीतरी राहिलंय, दिसतंय?"

दिसत होतं. केसाएवढी पिवळी रेघ. मी ती कधीच पाहिली नव्हती, कारण तिच्यावर नखी होती.

"आणि हे लेबल तुझ्या अक्षरातलं."

पाटीच्या खोक्यातल्या चिठ्ठीवरचा शेवटचा आकडा पसरून निळा डाग झाला होता.

"पाणी सांडलं असेल," मी म्हणाले.

"बॉलपेनची शाई आहे. पाण्यानं ती हलत नाही. कागदही सुरकुतलेला नाही. स्पिरिटनं मात्र अशीच फुटते. माझ्या निम्म्या कागदपत्रांची हीच गत व्हायची." तिनं स्टूल फिरवलं. "शुक्रवारी दुपारपासून या पाटीजवळ कोण कोण होतं?"

मी बोटं मोजली. फोटो काढणारी फोटोताई. माझा विद्यार्थी. सुईकाका. आणि मी.

"तुझं नंतर बघू," वन्सं म्हणाली, आणि ती थट्टा करत नव्हती.

३

माझा विद्यार्थी आता दुसऱ्या संस्थेत मोठ्या हुद्द्यावर आहे, पण माझ्यासमोर अजून खुर्चीच्या कडेवर बसतो. दुपारी बोलावल्याबरोबर तो आला. नखी गेल्याचं ऐकून त्याचा चेहरा उतरला. ते सोंग असेल तर फार चांगलं होतं.

"शुक्रवारी तू किती वेळ होतास?" वन्संनं विचारलं.

"चाळीस मिनिटं. फोटोताई समोरच होत्या. मला नखीची खोली मोजायची होती, पण त्यांचे दिवे लागलेले होते, म्हणून राहिलं. आज मोजणार होतो."

"तुला ती नखी पटत नाही म्हणे."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी खिडकीकडं पाहिलं.

"बोल की," वन्सं म्हणाली. "बाई काही खात नाहीत."

"ती हाताची नखी नाही," तो हळू म्हणाला. "पायाची आहे. वटवाघूळ उलटं लटकतं तेव्हा सगळं वजन पायाच्या नख्यांवर येतं. कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारी दोरी, खिट्टीसारखी अडकते, म्हणून त्याला झोपेतही ताकद लावावी लागत नाही. त्या कंडरेसाठी नखीच्या बुडाशी उंचवटा असतो. हाताच्या नखीला तो लहान असतो. या नखीला मोठा होता. मी चार वेळा लिहिलंय."

"आणि मी चार वेळा उत्तर दिलंय," मी म्हणाले. "जुन्या प्राण्यांत हातापायांत एवढा फरक पडलेला नसतो."

"असेल, बाई. म्हणून तर मोजायचं होतं."

तो गेल्यावर संचालकांनी दारातून डोकं आत घातलं. "कबूल केलं?"

"त्यानं काही घेतलेलं नाही," वन्सं म्हणाली.

"कशावरून? नखी नसली की बाईंचं कुळ कोसळतं. फायदा त्याचाच."

"नाही. नखी पायाची आहे असं त्याचं म्हणणं. ते सिद्ध करायला त्याच्याकडं एकच वस्तू होती, ती नखी. ती नाहीशी झाली की त्याची पंचवीस पानं हवेत. स्वतःचा साक्षीदार कोणी पळवतं का?"

संचालकांनी डोकं बाहेर घेतलं. मी मात्र अस्वस्थ झाले. त्याच्यावरचा संशय गेला, पण त्याचं बोलणं माझ्या डोक्यातून जाईना. मी पाटी पुढं ओढली आणि अकरा वर्षांत प्रथमच, हाताबद्दल काही सिद्ध करायचं नसताना, नुसता पाय पाहिला. उजवा पाय. बोटं एकावर एक आलेली. एक, दोन, तीन, चार नख्या. पाचवी मी नेहमी खाली दडलेली धरत आले होते.

ती खाली नव्हती.

४

मंगळवारी सकाळी फोटोताई आली. तिशीची, बोलकी, दोन्ही खांद्यांवर पिशव्या. शुक्रवारी तिनं काढलेले सगळे फोटो वन्संनं मोठ्या पडद्यावर मागितले.

फोटो अप्रतिम होते. तिरप्या उजेडात प्रत्येक हाडाला स्वतःची सावली मिळाली होती. काही फोटो साध्या दिव्यात होते, काही जांभळ्या दिव्यात, म्हणजे ज्याचा बराचसा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही पण त्यात जुनी हाडं पांढरट उजळतात. त्या दिव्याखाली माझं वटवाघूळ दगडातून निघून अंधारात तरंगत होतं. वन्संनं हात जोडल्यासारखे छातीशी धरले होते.

"हा अकरावा," फोटोताई म्हणाली. "आणि हा तेरावा."

"बारावा कुठाय?"

"तो बिघडला."

"दाखव ना. बिघडलेलंच बघायची मला सवय आहे."

"काढून टाकला." फोटोताईनं पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला. "कधी कधी होतं तसं."

"जांभळ्या दिव्यातला पहिला फोटो असेल तो. नंतरचे सगळे तू बोटाच्या टोकाला सावली टाकून काढलेत. इथं बघ, आणि इथं. टोक झाकून. का?"

फोटोताईचे डोळे भरले. मला वाटलं, झालं, हिच्याच हातून काहीतरी तुटलं.

"माझ्या हातून काही पडलं नाही, बाई, खरंच. सगळं हाड पांढरं उजळलं आणि त्या नखीभोवती नारिंगी कडं आलं. अंगठीसारखं. मला वाटलं, माझ्या काचेवर डाग आहे. हे एवढं महत्त्वाचं काम, आणि माझीच काच घाण. म्हणून टोकावर सावली टाकून पुढचे काढले आणि तो फोटो पुसला."

"तेव्हा नखी जागेवर होती?"

"हो. मीच पाटी परत खणात ठेवली, तेव्हाही होती."

वन्सं तिच्याजवळ जाऊन बसली. "पुसण्याआधी कोणाला दाखवलास?"

"दाखवला ना. शेजारच्याच खोलीत होते, म्हटलं विचारावं, असं कशानं होतं. ते बघतच राहिले. मग म्हणाले, काच चांगली आहे तुझी, पोरी. आणि उठून गेले."

"कोण?"

फोटोताईनं आधी माझ्याकडं पाहिलं. "सुईकाका."

५

"शक्य नाही," मी म्हणाले. हे मी तीनदा म्हणाले असं वन्सं नंतर सांगायची.

तिनं वाद घातला नाही. कापसाची एक बारीक वात ॲसिटोनमध्ये बुडवून तिनं माझ्यापुढं धरली. "तुमच्याकडं हल्ली जे चिकटवतात ते याच्यानं सुटतं ना?"

"हो."

खळग्याच्या काठावरच्या पिवळ्या रेघेला तिनं ती वात लावली. रेघ ढिम्म हलली नाही. मग दुसरी वात स्पिरिटमध्ये बुडवून लावली. कापसाचं टोक पिवळं झालं.

"लाख," मी म्हणाले. "जुन्या काळी लाख वापरायचे. दगडाची पूड कालवली की सांधा कळायचा नाही."

"आणि जांभळ्या दिव्याखाली लाख नारिंगी दिसते. वहिनी, नखी तिथं चिकटवलेली होती हे तुला माहीत नव्हतं. तुझ्या विद्यार्थ्याला नव्हतं, फोटोताईला नव्हतं. मग पहिल्या झटक्यात स्पिरिटची बाटली कोण उचलेल? ज्यानं लाख लावली तोच."

आम्ही गेलो तेव्हा सुईकाका खिडकीशी बसले होते. पुढ्यात काम नव्हतं, तरी भिंग डोळ्यावर होतं. आम्हा दोघींना एकत्र बघून त्यांनी ते काढलं, रुमालानं पुसलं आणि शर्टाच्या वरच्या खिशातून एक काचेची कुपी काढून टेबलावर ठेवली. कापसावर तिळाएवढी काळपट नखी होती.

"काल सकाळी सांगणार होतो," ते म्हणाले. "तुमच्या दारापर्यंत आलो. आत संचालकसाहेब चोर-चोर म्हणत होते. परत फिरलो."

मी बसले.

"काका, काय झालं ते सांगा," वन्सं म्हणाली.

"पहिलीच मोठी पाटी होती ती माझी. उजवा पाय मोकळा करून झाला, मग हात घेतला. एक दिवस गाळ धुतलेल्या पाण्यात ही सापडली. कुठून निसटली ते कळेना. मधल्या बोटाच्या टोकाला खळगा होता, म्हटलं, इथलीच. लाख लावली, पूड भरली, बसवली. तेव्हा असं काही लिहून ठेवायची पद्धत नव्हती, आणि मला कोणी विचारलंही नाही. पुढं मी विसरलो. देवाशपथ विसरलो, बाई. तुम्ही त्या नखीवर एवढं सगळं उभं केलंत, तेव्हाही मला आठवलं नाही. शुक्रवारी त्या मुलीनं नारिंगी कडं दाखवलं आणि माझ्या हाताला आठवलं."

"मग पाय पाहिलात," मी म्हणाले.

"शनिवारी. पाच बोटं, चार नख्या." ते माझ्याकडं न बघता बोलत होते. "बुधवारी दोन परकी माणसं येणार, आणि तुम्ही त्यांना माझी चूक तुमचा पुरावा म्हणून दाखवणार. ते मला बघवलं नसतं. खोटी वस्तू समोर असण्यापेक्षा रिकामी जागा बरी, असं वाटलं. साडेतीन तास लागले. पूर्वी एका तासात केलं असतं."

"मला सांगायचं होतंत, काका."

"तुम्ही सगळ्यांना सांगता, सुईकाकांचं काम परत बघावं लागत नाही." त्यांनी रुमालाची घडी घातली. "त्यानंतर तोंड उघडेना."

चोर सापडला होता. माझ्या हाती मात्र काहीच राहिलं नव्हतं. पायाची नखी पायाला परत गेली, माझ्या विद्यार्थ्याचं बरोबर ठरलं, नवं कुळ संपलं. मी वन्संला म्हणाले, "चल, घरी जाऊ. बुधवारचं मी कळवते त्यांना, येऊ नका म्हणून."

वन्सं कुपीकडं बघत होती.

"काका," ती म्हणाली, "तुम्ही म्हणालात, आधी खळगा होता. नखी नंतर आली. मग तो खळगा कशाचा होता?"

६

आम्ही तिघं परत पाटीपाशी आलो. सुईकाकांनी चिमट्यानं नखी उचलली आणि खळग्याच्या शेजारी ठेवली. त्यांचा हात सत्तरीत आहे, पण चिमट्याच्या टोकाला तो अजून पंचविशीत असतो.

नखी आखूड आणि खोल. खळगा तिच्यापेक्षा लांब, उथळ, हलक्या बाकाचा. दुसऱ्याच्या मापाचा जोडा घालावा तशी ती सव्वीस वर्षं तिथं बसली होती, आणि मधली पोकळी लाखेनं आणि दगडाच्या पुडीनं भरलेली होती.

"हा ठसा आहे," मी म्हणाले. माझाच आवाज मला अनोळखी वाटला. "खऱ्या नखीचा."

"असेल," वन्सं म्हणाली. "पण ठशाबद्दल लोक वाद घालतील. मला हाड बघू दे." तिनं सूक्ष्मदर्शक बोटाच्या शेवटच्या हाडावर आणला. "वहिनी, ज्या बोटाला नखी नसते, त्याचं शेवटचं हाड कसं संपतं?"

"निमुळतं होत जातं. टोकाला काही नसतं, नुसतं कातडं धरायचं असतं."

"हे निमुळतं नाहीये. माणसाच्या बोटात मी हे रोज पाहिलंय. पुढं दुसरं हाड हलणार असेल तर मागचं हाड आपलं टोक त्याच्यासाठी घडवतं. दोन गोल उंचवटे, मध्ये खाच, विहिरीच्या रहाटासारखी. पुढचं हाड त्या खाचेत फिरतं. हे बघ."

मी पाहिलं. दोन उंचवटे, मध्ये खाच. इतकी बारीक की धुळीचा कण अडकला असता, आणि इतकी रेखीव की कोणी आत्ताच कोरून ठेवावी. मी सूक्ष्मदर्शक तर्जनीवर नेला. तिथली नखी जरा घसरलेली आहे, त्यामुळं मागच्या हाडाचं टोक दिसतं. तेच दोन उंचवटे, तीच खाच.

पुढं नखी असल्याशिवाय हाड अशी खाच करत नाही. मधल्या बोटाला नखी होती. खरी नखी कदाचित तळ्याच्या तळाशीच निसटली असेल, पण तिच्यासाठी केलेली जागा अजून तशीच होती.

"अकरा वर्षं मला ही दिसली नाही," मी म्हणाले.

"कशी दिसेल? खोटी नखी आणि लाख नेमकी हिच्यावर बसली होती." वन्संनं मान वर केली. "आणि काल परवा कोणी घाईनं ती उचकटली असती तर हे टोक राहिलं नसतं. काका, तुमचे साडेतीन तास बघतेय मी इथं. खाचेतला कण न् कण काढलाय, आणि हाडाला एक चरा नाही. चोरी करतानाही एवढी निगा?"

सुईकाकांनी माझ्याकडं हात पुढं केला. "बाई, जरा सरका. मला बघू द्या." मग ते वाकले, आणि आम्ही दोघी त्यांच्या दोन्ही बाजूंना उभ्या राहिलो. ते वर बघेनात. वन्संनं मला खूण केली, आणि आम्ही चहा सांगायचं निमित्त करून बाहेर गेलो.

७

बुधवारी दोन्ही तज्ज्ञ आले. माझा विद्यार्थीही आला. मी सुरुवातच चुकीपासून केली. नारिंगी कडं, लाख, पायाची नखी, सगळं सांगितलं. सुईकाका कोपऱ्यात ताठ बसले होते. मग मी हाडाचं टोक दाखवलं.

दोघा तज्ज्ञांनी आळीपाळीनं पाहिलं. त्यांच्यातल्या वयानं मोठ्या बाई कडक म्हणून प्रसिद्ध होत्या. त्यांनी दोनदा पाहिलं आणि वहीत काहीतरी लिहिलं. माझा विद्यार्थी सगळ्यात शेवटी बसला आणि सगळ्यात जास्त वेळ बसला.

"नखीबद्दल माझं बरोबर होतं," तो शेवटी म्हणाला. "बोटाबद्दल तुमचं बरोबर होतं, बाई. या सांध्यावर आता मी काही लिहू शकत नाही. म्हणजे लिहीन, पण तुमच्या बाजूनं."

"पंचवीस पानं?"

"दोन पुरतील."

कडक बाईंनी वही मिटली. "गेलेल्या पुराव्यापेक्षा हा बरा आहे," त्या म्हणाल्या. "नखी चिकटवता येते. खाच चिकटवता येत नाही." मग त्या उठल्या, कोपऱ्यापर्यंत चालत गेल्या आणि सुईकाकांना त्यांनी विचारलं की लाख काढताना ते कुठल्या नंबरची सुई वापरतात. अर्धा तास दोघांचं त्यावरच चाललं होतं.

नवं कुळ राहिलं. मी लेख पुन्हा लिहायला घेतला, आणि नव्या जातीला सुईकाकांचं नाव द्यायचं ठरवलं. वन्संनं ते एकदम उचलून धरलं. मसुदा घेऊन मी त्यांच्या खिडकीशी गेले. त्यांनी भिंग लावून तो सावकाश वाचला, जातीच्या नावापाशी थांबले आणि त्यावर हळूच एक रेघ मारली.

"हे नको, बाई. ते वटवाघूळ त्याच्या तळ्याचं नाव मागत असेल, माझं कशाला?" मग त्यांनी पान उलटलं. "माझं नाव इथं पाहिजे. इथं तुम्ही लिहिलंय, नखी बसवली गेली होती. बसवली गेली म्हणजे काय? दगडानं बसवली? माझं पूर्ण नाव लिहा, आणि पुढं 'चुकीनं' लिहा."

"काका, एवढं कोणी लिहीत नाही."

"म्हणूनच सव्वीस वर्षं कळलं नाही."

मी तिथंच बसून लिहिलं. त्यांचं पूर्ण नाव, मग 'यांनी चुकीनं बसवलेली', आणि त्यापुढं 'व त्यांनीच हाडाला इजा न होऊ देता सोडवलेली'. त्यांनी वाचलं आणि शेवटच्या शब्दांवर बोट ठेवलं.

"हे काढा. ते चोरून केलं होतं."

त्यांनी बाकी काही काढायला सांगितलं असतं तर मी काढलं असतं. लेख छापून आला तेव्हा ते शब्द त्यात होते. सुईकाकांनी तो भिंगाखाली ओळ न् ओळ वाचला, त्या जागी थोडे थांबले, आणि पान उलटलं.